दोन्ही हात एकदम

सांगलीच्या तलावावर सकाळी बायकांची बॅच असते, तिथं मी अजून जाते. मागच्या उन्हाळ्यात तिथं रोहित नावाचा एक नवा शिकवणारा आला. पोरगा चांगला आहे, फक्त बोलताना सारखा मोबाइल पुढं करतो. एकदा मी पाण्यातून वर आले, तसा तो टॉवेल द्यायच्या आधी मोबाइलच घेऊन उभा. म्हणाला, "काकू, तुम्ही बॅकस्ट्रोकला दोन्ही हात एकदम मागं टाकता आणि पाय बेडकासारखे मारता. परदेशात हल्ली ज्येष्ठांच्या स्पर्धेत बरेच जण असंच पोहतात. खांद्याला त्रास होत नाही म्हणे. हे बघा. तुम्ही हे नवीन टेक्निक कुठं शिकलात?" मी मोबाइलमध्ये बघितलं. एक गोरे आजोबा तलावाच्या मधोमध माझंच पोहणं पोहत होते. मी म्हटलं, "ह्यांनी माझ्याकडून घेतलंय." रोहित खूप हसला. त्याला तो विनोद वाटला. मी विनोद फारसे करत नाही, हे कुपवाडच्या एमआयडीसीत कुणालाही विचारा. तिथं माझा बेदाण्याची खोकी बनवायचा कारखाना आहे, आणि कागदवाले, शाईवाले, ट्रकवाले एकमेकांना सांगतात की मॅडमकडं भाव ठरवायला जायचं तर पोटभर जेवून जा, किती वेळ लागेल सांगता येत नाही.

तर हे पोहणं मी कुणाकडून शिकले नाही. ते एका भांडणात ठरलं. त्या भांडणात माझ्यावर अन्याय झाला, आणि इतकी वर्षं झाली तरी तो अन्यायच आहे. पण ते सांगायचं तर आधी आमच्या घरच्या जेवणाच्या वेळेपासून सुरुवात करायला लागेल.

आम्ही जैन. घर नदीच्या अलीकडं आणि शेत नदीच्या पलीकडं. वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. आण्णांचे दोन नियम होते, ते त्यांनी आयुष्यभर मोडले नाहीत. दिवस मावळायच्या आत जेवायचं, आणि पाणी गाळल्याशिवाय तोंडात जाऊ द्यायचं नाही. घरातलं सगळं वेळापत्रक ह्या दोन नियमांभोवती फिरायचं. आमच्याकडं घड्याळ होतं, पण आई ते बघत नसे. ती चुलीपुढून मान वाकडी करून परसातल्या शेवग्याची सावली बघायची. सावली गोठ्याच्या भिंतीवर चढली की तिचा आवाज चढायचा, "दिवस बघ, दिवस! सुने, अजून डबा उचलला न्हाईस?" सुनी म्हणजे मी, सुनंदा. भाकरी थापल्याचा आवाज, म्हशीच्या गळ्यातलं लोढणं, पलीकडच्या तीरावरून येणारी पंपाची धडधड, आणि ह्या सगळ्यावर आईचं "दिवस बघ". माझ्या लहानपणाच्या संध्याकाळचा आवाज विचाराल तर हा.

शेताला वीज यायची ती नेमकी संध्याकाळी. ती आली की आण्णांना मोटार सोडून हलता येत नसे. एक फेज गेली तरी मोटार जळायची. त्यामुळं त्यांचं जेवण तिकडं पोचवायला लागायचं, आणि तेही सूर्य असेपर्यंत. पूल होता, पण लांब वरच्या अंगाला. सायकलनं वळसा घालून जाईपर्यंत दिवस बुडालेला. नावाडी होता, पण तो चारच्या सुमारास नाव पलीकडच्या गावाच्या घाटाला लावून निवांत व्हायचा. मग उरली मी. पाठीला वाळका भोपळा बांधून मी लहानपणीच पोहायला शिकले होते. उन्हाळ्यात कृष्णा शांत असते, पात्रही लहान होतं. भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी असा अॅल्युमिनियमचा डबा फडक्यात घट्ट बांधून आई माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "थेंब लागला तर ते जेवणार न्हाईत."

खरी मेख इथं होती. डबा नुसता न बुडता नेऊन चालत नव्हतं. नदीचं पाणी म्हणजे न गाळलेलं पाणी. त्याचा एक शिंतोडा झाकणातून आत गेला तर आण्णा डबा शांतपणे बंद करून बाजूला ठेवायचे आणि उपाशी राहायचे. रागवायचे नाहीत, त्यामुळं जास्त वाईट वाटायचं. सुरुवातीला दोन-तीनदा तसं झालं. मग मी माझी रीत शोधून काढली. पाण्यावर उताणं पडायचं, डबा छातीवर ठेवायचा, दोन्ही हातांनी वरून धरायचा आणि फक्त पायांनी जायचं. पाय वर आपटले की पाणी उडतं, म्हणून ते पाण्याखालीच ठेवायचे, गुडघे फाकवून, बेडकासारखे, आणि जोरात मिटायचे. पाणी हलतं पण उडत नाही. दिशा कळायला पाठीमागचं घराचं कौल धरायचं, ते नाकाच्या सरळ रेषेत राहिलं की आपण सरळ. आणि पोचलो हे कळायचं ते डोक्याला चिखल लागला की. आण्णा काठावर बसलेले असायचे. केसातला चिखल बघून म्हणायचे, "आलीस व्हय गं?" आणि झाकण उघडून आधी आत बोट फिरवायचे. कोरडं. मग जेवायचे. माझे पाय त्या उन्हाळ्यांत असे काही तयार झाले की शाळेत मुली म्हणायच्या, सुनीच्या बाकावर बसू नका, लाथ बसंल.

हे पोहणं आमच्या शाळेच्या खेळाच्या सरांनी बघितलं. माने सर. पातळ अंगाचे, गळ्यात कायम शिट्टी, बोलणं शहरी. एका संध्याकाळी ते घाटावर पाय धूत बसले होते आणि मी त्यांच्यासमोरून डबा घेऊन पलीकडं गेले. दुसऱ्या दिवशी ते घरी आले. आईला म्हणाले, "मुलीच्या पायात इंजिन आहे. सुट्टीत सांगलीच्या तलावावर नेतो, जिल्ह्याच्या शर्यतीत उतरवतो." आईनं त्यांना ताक दिलं, ते पिऊन होऊ दिलं. मग म्हणाली, "डबा माझी मी बघंन, पुलावरनं जाईन. पण हा एकच उन्हाळा. जिल्ह्याच्या संघात नाव लागलं तर फुडं बघू. न्हाई लागलं तर नदी ती नदी आन् डबा तो डबा. परत तलावाचं नाव काढायचं न्हाई." सर हो म्हणाले. मला कुणी विचारलं नव्हतं, पण मी पण हो म्हणाले.

सांगलीचा तलाव बघून मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर हे की तळ दिसतोय! निळं पाणी, त्याला औषधाचा वास, आणि काठावर फरशी. चिखल कुठंच नाही. सरांनी सगळ्या मुलींना उताणं पोहायला सांगितलं आणि माझ्याकडं बघून शिट्टी वाजवली. मी मध्येच थांबले. "हात का धरलेस छातीवर? तिथं डबा नाही." मी म्हटलं, "व्हय सर." परत निघाले. परत शिट्टी. हात आपोआप तिथंच जायचे, मी काय करू? ते म्हणायचे, एकेक हात वर काढून मागं टाक, पवनचक्कीसारखा. मी एक हात वर काढला की दुसरा जास्तच घट्ट छाती धरायचा. मग त्यांनी मला घरचा अभ्यास दिला. देवळासमोरच्या कट्ट्यावर उताणं पडून रोज हात फिरवायचे. गावात बातमी झाली. येणारे-जाणारे विचारायचे, "काय गं सुने, माश्या हाकलतीस व्हय?" मी उठून एकाच्या मागं दगड घेऊन धावले, तेव्हापासून ते विचारायचे बंद झाले, पण हात काही सुटले नाहीत. शर्यत जवळ आली तेव्हा सर म्हणाले, "जाऊ दे. जशी पोहतेस तशी पोह." ते असं म्हणाले होते हे लक्षात ठेवा. मी ठेवलंय.

शर्यतीच्या दिवशी माझ्याबरोबरच्या मुलींत जास्त बोलबाला होता तो शर्मिलाचा. ती सांगलीतल्या डॉक्टरांची मुलगी, खरा पोहायचा पोशाख, डोक्याला रबरी टोपी. माझा पोशाख आईनं गडद निळ्या परकराचा शिवलेला होता, पाण्यात गेला की त्याचा रंग सुटायचा. मला बघून शर्मिला म्हणाली, "तुझ्यामागं शाईची रेघ येते गं." मी म्हटलं, "मागं राहिलीस तरच दिसंल." एवढीच आमची ओळख. शिट्टी झाली, आम्ही भिंतीला धरून मागं ढकललं, आणि मी दोन्ही हात छातीवर घेऊन निघाले. घराचं कौल नव्हतं, म्हणून काठावरच्या प्रेक्षकांच्या छपराची एक पट्टी नाकासमोर धरली. बाकीच्या मुलींच्या हातांचं फटाफट पाणी माझ्या तोंडावर यायचं, मग ते हळूहळू यायचं थांबलं. म्हणजे त्या मागं पडल्या. शेवटी चिखलाऐवजी भिंत आली. डोकं असं दणकन आपटलं की दोन दिवस टेंगूळ होतं. पण पहिली मी. शर्मिलाचा हात भिंतीला लागला तेव्हा मी डोकं चोळत बसले होते, हे सगळ्या तलावानं बघितलं.

मुख्य पंच म्हणजे एक पांढऱ्या टोपीवाले गृहस्थ होते. ते काठाशी आले, वाकले आणि म्हणाले, "चार नंबरची मुलगी बाद."

"का ओ?"

"हात वापरले नाहीत."

मी दोन्ही हात पाण्याबाहेर काढून दाखवले. "हायेत की हात. हे बघा."

लोक हसले. टोपीवाले रागावले. "हात असून काय उपयोग? पोहणं म्हणजे हातपाय मारणं. ही काय झोप काढायची शर्यत आहे?"

"तुमी पाठीवर पोहायला सांगितलं. मी पाठीवर हुते का न्हाई? पोटावर आले व्हय कुठं?"

मी माने सरांकडं बघितलं. सर तिथंच, दहा पावलांवर उभे होते. ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते. मला वाटलं, मास्तर आहेत, मोठ्या माणसांत कसं बोलावं ह्याचा विचार करत असतील. मग मीच बोलायचं ठरवलं. आईबरोबर मी लहानपणापासून आठवड्याच्या बाजाराला जायची. आई कशी बोलते ते मला पाठ होतं. समोरचा नाही म्हणाला म्हणजे बोलणं संपलं असं नसतं, तिथून ते सुरू होतं. मी पाण्यातूनच विचारलं, "मग तुमाला काय पायजे ते सांगा."

टोपीवाल्यांना ह्याची सवय नसावी. ते म्हणाले, "एकेक हात आळीपाळीनं मागं टाकायचा."

"एकबी हात टाकणार न्हाई."

"अगं, निदान एक तरी टाक!"

"एकच टाकला तर मी गोल फिरंन. मग म्हणशीला, सरळ आली न्हाई म्हणून बाद."

आता काठावर बरीच गर्दी झाली होती. टोपीवाल्यांच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं. बाजारात अशी वेळ आली की आई एक पाऊल मागं घ्यायची. मी पण घेतलं. म्हटलं, "दोन्ही हात एकदम टाकले तर चालंल का? त्याच्या खाली मी उतरणार न्हाई."

ते मोठ्यानं हसले. "चालेल. टाक दोन्ही एकदम. जा, पोहून दाखव."

असं हे पोहणं ठरलं. जन्मात कधी केलं नव्हतं. पहिल्यांदा दोन्ही हात डोक्यामागं टाकले तेव्हा नाकात पाणी गेलं. दुसऱ्यांदा सुपानं पाखडल्यासारखे टाकले, आणि काय झालं कुणास ठाऊक, पाय मिटायची वेळ आणि हात ओढायची वेळ नेमकी एक झाली, अंग पाण्यावर सरसर घसरलं. मला वाटलं, कुणीतरी खालून ढकलतंय. एकटी पोहत होते, तरी लोक ओरडत होते. पलीकडं पोचले तेव्हा ह्या खेपेला भिंतीला हात लागले, डोकं वाचलं. पंचांतल्या एकानं हौसेनं घड्याळ लावलं होतं. तो म्हणाला, "ही तर पहिल्यापेक्षा लवकर आली."

टोपीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणाले, "छान. शाबास. पण नंबर शर्मिलाचाच. ही काही शर्यत नव्हती, तू नुसतं पोहून दाखवलंस."

माझ्या लक्षात आलं, की सौदा झाला होता. पण मी काय देणार तेवढंच ठरलं होतं. ते काय देणार, ह्याबद्दल मी एक शब्द विचारला नव्हता. दोन्ही हात देऊन बसले आणि घेतलं काहीच नाही. आज माझ्यासमोर कुणीही बसलं आणि "मॅडम, तुम्ही फक्त एवढं करा" म्हणालं, की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "तुम्ही काय करणार ते आधी बोला." कारखान्यातल्या पोरांना वाटतं मी हे कुठल्या कोर्समध्ये शिकले.

त्या दिवशी मात्र माझं डोकं असं तापलं की तलावाचं पाणी उकळायला पाहिजे होतं. मी परत पाण्यावर उताणी पडले, तलावाच्या मधोमध गेले आणि म्हटलं, "मग मी भाईर येत न्हाई."

पुढची शर्यत मुलांची होती. मुलं चड्ड्या घालून काठावरच्या तापलेल्या फरशीवर नाचत उभी होती. टोपीवाल्यांनी शिट्टी वाजवली. मी आभाळाकडं बघत राहिले. पाण्यावर नुसतं पडून राहायला मला काही लागत नसे, आण्णांची मोटार बंद व्हायची वाट बघत मी तशीच नदीवर पडून राहायची. पुरुष पंच मुलीला धरून काढायला पाण्यात उतरणार कसे? एक बाई होत्या, त्यांनी पदर खोचला आणि काठापर्यंत आल्या, तेव्हा कळलं की त्यांना पोहता येत नाही. मुलांतला एक ओरडला, "आवं, काहीतरी द्या तिला, आमी भाजलो हितं!"

"तू बाहेर ये, मग बोलू," टोपीवाले म्हणाले.

"बोला, मग येते."

"प्रमाणपत्र देतो. भाग घेतल्याचं."

"ते तर बुडालेल्यालाबी देता तुमी."

"मग काय पाहिजे?"

"पयला नंबर."

"तो दिला गेला."

"मग साताऱ्याच्या मोठ्या स्पर्धेला न्या. संघात नाव घाला."

सगळे पंच एकत्र जमले, कुजबुजले. शेवटी त्या पदरवाल्या बाई म्हणाल्या, राखीव म्हणून घ्यायला काय हरकत आहे? मी विचारलं, राखीव म्हणजे काय. त्या म्हणाल्या, "संघाबरोबर साताऱ्याला जायचं, शिबिरात राहायचं, सराव करायचा. कुणी आजारी पडलं तर त्या जागी पोहायचं."

मी काठावर बसलेल्या शर्मिलाकडं बघितलं. "आजारी पडशील व्हय गं?"

"मुळीच नाही," ती म्हणाली.

"नाव मोठ्यानं वाचून दाखवाल?" मी टोपीवाल्यांना विचारलं. त्यांनी वाचून दाखवलं, वडिलांच्या नावासकट. मग मी बाहेर आले. आईनं घरी पहिलं काय विचारलं असेल तर, "नाव लागलं?" मी म्हटलं, "लागलं. राखीव." ती म्हणाली, "राखीव म्हंजे?" मी म्हटलं, "राखून ठेवल्यालं. चांगली वस्तूच राखून ठेवत्यात न्हवं?" आईनं माझ्याकडं तिच्या बाजारातल्या नजरेनं बघितलं. तिला सगळं कळलं होतं. पण तिचीच पोरगी तिच्याच तराजूत माल घालत होती, त्याचं तिला बरं वाटलं असावं. तिनं त्या दिवसासाठी खपली गव्हाची खीर दुपारीच करून ठेवली होती, ती दिवस असेपर्यंत आम्ही खाल्ली. पुढं मी तीन उन्हाळे जिल्ह्यातर्फे पोहले, पदकंही आणली. ती कपाटात आहेत. पण सांगलीचा तो पहिला नंबर माझा होता, आणि तो कपाटात नाही.

साताऱ्याचं शिबिर म्हणजे मजा होती. वर अजिंक्यतारा, खाली तलाव, आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या सगळ्या मुली. तिथं मला कळलं की वेगळं पोहणारी मी एकटी नाही. म्हसवडची एक मुलगी विहिरीत शिकलेली, तिला डावीकडं वळत वळत जायची इतकी सवय की ती दरवेळी शेजारणीच्या रांगेत जाऊन भांडण करायची. फलटणची एक कालव्यात शिकलेली. कालव्याचं पाणी माणसाला पुढं ढकलतं, तलावाचं पाणी जागेवर उभं राहतं, ह्याचा तिला मनापासून राग यायचा. "ह्या पाण्याला काय कामच न्हाई," म्हणायची. जेवण रात्री आठला मिळायचं. मी स्वयंपाकाच्या मावशींकडं गेले आणि म्हटलं, मला दिवस मावळायच्या आत जेवायला द्या, मी तुमच्या सगळ्या शेंगा सोलून देते. मावशी तयार झाल्या. त्यामुळं मला तव्यावरची गरम चपाती मिळायची आणि बाकीच्यांना गार. तिसऱ्या दिवशी शर्मिला माझ्या शेजारी शेंगा सोलायला येऊन बसली. म्हणाली, "मी पण लवकर जेवते. आणि ते पायाचं मला दाखवशील?"

"काय देशील?"

"माझी टोपी."

आम्ही मैत्रिणी झालो त्या अशा. ती रबरी टोपी मला घट्ट व्हायची, पण मी ती सोडली नाही.

स्पर्धेच्या आदल्या सकाळी सराव होता. राखीव खेळाडूला कुणी बघत नाही, म्हणून मी आपली जुनी रीत काढली. दोन्ही हात छातीवर, पाय चालू. काठावरून पुण्याहून आलेल्या मुख्य पंच बाई चालल्या होत्या. केस पांढरे, पायात कॅनव्हासचे बूट. त्या थांबल्या आणि मला जवळ बोलावून म्हणाल्या, "कुठली गं तू?"

"सांगलीची. राखीव."

"एवढे पाय असून राखीव?"

मी सगळं सांगितलं. बाद केलं तेही, दोन्ही हातांचा सौदाही. माने सर शेजारीच उभे होते. बाई मला म्हणाल्या, "बाद कशासाठी? शर्यतभर पाठीवर होतीस ना? मग हात खिशात घालून पोहलीस तरी चालतं. नियम पाठीचा आहे, हातांचा नाही." मग सरांना विचारलं, "तुम्ही बोलला नाहीत तिथं?"

सर म्हणाले, "राहून गेलं, बाई."

बाई पुढं गेल्या. माझ्या कानात मात्र त्यांचं वाक्य राहिलं. म्हणजे मी त्या दिवशी जे हात टाकायचं कबूल केलं, ते टाकायची गरजच नव्हती. जे माझंच होतं त्याचा मी भाव करत बसले होते, आणि ज्या माणसाला हे माहीत होतं तो दोरी गुंडाळत उभा होता. मी दोन दिवस सरांशी बोलले नाही. शर्मिलाची शर्यत झाली, ती तिसरी आली, मी तिचा टॉवेल धरला, तेव्हाही नाही.

परत जायच्या दुपारी आम्ही सातारा स्टँडवर उभे होतो. सांगलीची गाडी लागली. मुली चढल्या, सामान चढलं. सर पायरीवर उभे राहून म्हणाले, "सुनंदा, चल."

"तुमाला म्हाईत हुतं का न्हाई?"

सर खाली उतरले. आजूबाजूला बघून हळू आवाजात म्हणाले, "होतं गं."

"मग बोलला का न्हाई?"

"तू तशी पोहायला लागलीस की लोक हसायचे. मला वाटलं, आपल्या शाळेची मुलगी, हात छातीवर घेऊन... बरं नाही दिसत. दोन्ही हातांनी तरी पोहशील, तेवढं बरं." आणि मग, "झालं गेलं. पुढच्या वर्षी बघू. चल, गाडी सुटेल."

सर वाईट नव्हते. हे मी आज लिहिते, तेव्हा म्हटलं नसतं. नियम त्यांना माहीत होता, हसणारे लोक समोर होते, आणि त्यांनी लोकांचं ऐकलं. पण माझं काय गेलं, तर पहिला नंबर. त्यांचं काय गेलं?

मी पिशवी खाली ठेवली. "फुडच्या वर्षी मी येणार. कुणी बाद केलं तर तुमी बोलायचं, मी न्हाई. हात माझे, कसे ठेवायचे ते मी ठरवणार. हे आत्ता कबूल करा, मग चढते."

"कबूल."

"मोठ्यानं."

"अगं, लोक आहेत इथं."

"म्हणूनच."

कंडक्टरनं घंटी दिली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. गाडीतल्या सगळ्या मुली एका बाजूच्या खिडक्यांना येऊन चिकटल्या, गाडी त्या बाजूला कलल्यासारखी वाटली. सरांचे कान लाल झाले होते. त्यांनी एकदा शिट्टीला हात लावला, सोडला, आणि भर सातारा स्टँडवर, पेढ्यांच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाठीवर असलं की झालं! हात कुठंही ठेव!"

स्टँडवरचे लोक थांबले. कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं, मग बरेच. सर तसेच उभे राहिले, ताठ, हसणाऱ्यांच्या मधोमध.

"कुनाचं हात ओ मास्तर?" कंडक्टर म्हणाला.

"हिचे," सर म्हणाले, आणि माझी पिशवी त्यांनीच उचलून गाडीत ठेवली.